सृष्टिक्रमाचा वाद आणि त्याचीं मराठी साधनें
(सुबाजी बापू, नीळकंठशास्त्री गोरे व स्टीफन हिस्लॉप यांच्या लेखनाचें परीक्षण)

(१) प्रश्नाचें स्वरूप

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मिशनरी व शास्त्री यांच्यामध्यें जे धर्मवाद झाले, त्यांविषयीं मराठींत दोन ठरीव मतें रूढ आहेत. पहिलें मत असें कीं, मिशनऱ्यांनीं युरोपांतील नवें शास्त्र या देशांत आणिलें आणि त्या शास्त्रापुढें पुराणांतील सप्तद्वीपें व सप्तसमुद्र टिकले नाहींत. दुसरें मत असें कीं, शास्त्र हें केवळ निमित्त, धर्मांतर हा हेतु. म्हणून त्या काळचें सर्व मिशनरी वाङ्मय प्रचारी व टाकाऊ. हीं दोन्ही मतें परस्परविरुद्ध दिसलीं तरी त्यांचा परिणाम एकच झाला आहे. पहिल्या मतानें शास्त्रीपक्षाच्या पोथ्यांकडे कोणी लक्ष देईना. दुसऱ्या मतानें मिशनच्या छापखान्यांत निघालेलीं मराठी पुस्तकें रद्दीच्या भावानें जाऊं लागलीं. संग्राहकाचें नुकसान दोहोंकडून सारखेंच.

ख्रिस्ती श्रद्धा आणि सृष्टीचें शास्त्रीय अध्ययन यांचा संबंध महाराष्ट्रांत प्रत्यक्ष कसा होता, हें ठरविण्याचें काम अभिमानाचें किंवा द्वेषाचें नसून साधनांचें आहे. प्रस्तुत लेखांत त्या साधनांपैकीं कांहींचें परीक्षण करावयाचें योजिलें आहे. त्यावरून वरील दोन्ही मतें अपुरीं ठरतात असें आम्हांस वाटतें. कां, तें पुढें क्रमानें सांगूं.

(२) इ. स. १६१६

मराठींत ख्रिस्ती सृष्टिकथेचा पहिला मोठा ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण. तें १६१६ सालीं साष्टी प्रांतांत रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. पुढें १६४९ व १६५४ सालीं पुन्हां छापलें गेलें. मंगळूरची १९०७ ची साल्ढाणा यांची आवृत्ति, लंडनमधील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी हस्तलिखित, आणि त्यानंतर १९५६ सालीं पुण्यास निघालेली बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति हीं वाचकांस परिचित आहेतच. पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वर सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तजन्मापूर्वींच्या कथा सांगतात. दुसऱ्याचे ५९ अवस्वर ख्रिस्तचरित्र सांगतात.

या ग्रंथाच्या सालाकडे मात्र आमच्या अभ्यासकांचें लक्ष जावें तसें गेलें नाहीं. त्याच वर्षीं, म्हणजे ५ मार्च १६१६ रोजीं, रोम येथील धर्मसभेनें कोपर्निकसचा ग्रंथ दुरुस्ती होईपर्यंत स्थगित ठेविला. पृथ्वी फिरते कीं सूर्य फिरतो, या प्रश्नावर युरोपांत धर्मपीठ व ज्योतिषी यांचा तंटा उघडपणें पेटला तें हें वर्ष. गोमंतकांत त्याच वर्षीं एक इंग्रज जेजुइट ओवीबद्ध मराठींत उत्पत्तीची कथा सांगत होता. स्टीफन्स हा निसर्गाविषयीं उदासीन मनुष्य नव्हता. गोव्यास पोंचल्यावर १० नोव्हेंबर १५७९ रोजीं त्यानें बापास लिहिलेल्या पत्रांत समुद्रावर पूर्वपश्चिम मार्ग ठरविण्याची अडचण, होकायंत्राच्या सुईचें चळणें, जमीन जवळ आल्याची खूण देणारे पक्षी यांचें बारीक वर्णन आहे. तरी पुराण रचतांना त्यानें सृष्टिकथा कथेच्याच अंगानें घेतली. श्रोत्यांनीं प्रश्न विचारावे आणि गुरूनें त्यांचीं उत्तरें द्यावीं, ही आपल्याकडील पुराणाची रीत त्यानें स्वीकारली. कथा एका हातीं, निरीक्षण दुसऱ्या हातीं, आणि दोहोंची गांठ घालण्याची निकड नाहीं, अशी ही अवस्था आहे. ती गांठ दोनशें वर्षांनीं पडली. आणि ती प्रथम ख्रिस्ती सृष्टिकथेसंबंधानें पडली नसून आमच्या पुराणांसंबंधानें पडली.

(३) पुराण व सिद्धांत यांचें जुनें भांडण

मिशनऱ्यांच्या आगमनापूर्वीं आमच्याकडे सर्व लोक पृथ्वी सपाट मानीत होते, हा समज निराधार आहे. भागवताच्या पंचमस्कंधांत भूमंडलाचा विस्तार ५० कोटि योजनें दिला आहे, भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणींत (शके १०७२, इ. स. ११५०) पृथ्वीचा परिघ ४९६७ योजनें आहे. हे दोन आंकडे एकाच पृथ्वीचे असूं शकत नाहींत, हें ज्योतिष्यांस पक्कें ठाऊक होतें. भास्कराचार्यांनीं गोलाध्यायांत पृथ्वी निराधार व गोल असल्याचें युक्तीनें सिद्ध केलें आहे, मोठ्या परिघाचा लहान भाग सपाट कां दिसतो तेंही सांगितलें आहे, आणि पृथ्वी सदैव खालीं पडत आहे असें म्हणणाऱ्या बौद्धांचा व दोन सूर्य मानणाऱ्या जैनांचा समाचार घेतला आहे.

या मताचे ग्रंथ दूर कोठें तरी पडून होते असेंही नाहीं. ज्यांच्या ग्रहलाघवावरून देशभर पंचांगें होत आलीं ते गणेश दैवज्ञ आमच्याच रायगड (पूर्वींच्या कुलाबा) जिल्ह्यांतील नांदगांवचे. त्यांचा ग्रंथ शके १४४२ चा, म्हणजे इ. स. १५२० चा. कोंकणांतील जोशीघराण्यांत ग्रहलाघवाची प्रत हें रोजच्या कामाचें साधन होतें. तेव्हां ज्या घरांत संध्याकाळीं भागवताचा पंचमस्कंध लागे, त्याच घरांत गोल पृथ्वीच्या गणितानें ग्रहण वर्तविलें जाई.

हा विरोध लोक कसा सोशीत? त्यास उत्तर स्वतः भास्कराचार्यांनींच देऊन ठेविलें आहे. ग्रहण छायेनें होतें हें गणित मांडून झाल्यावर ते म्हणतात कीं, ब्रह्मदेवाच्या वरानें राहु त्या छायेंत प्रवेश करतो. म्हणून श्रुतिस्मृतींशींही विरोध येत नाहीं. गणित बदलावयाचें नाहीं आणि वचनही टाकावयाचें नाहीं. वचनाचा अर्थ गणितास सोसेल असा लावावयाचा. यास अविरोध म्हणतात. पुढील विवेचनांत ही संज्ञा ध्यानांत ठेवावी.

(४) विल्सन, विल्किन्सन व सुबाजी बापू

मुंबईस १८३१ सालीं डॉ. जॉन विल्सन व मोरभट्ट दांडेकर यांचा वाद झाला. मोरभट्टांनीं हिंदुधर्मस्थापना लिहिली, विल्सननीं १८३२ सालीं त्यास उत्तर दिलें, पुढें साताऱ्याच्या नारायणरावांनीं पुन्हां उत्तर दिलें व विल्सननीं १८३४ सालीं दुसरें खंडन काढिलें. विल्सन हे अडाणी प्रचारक नव्हते. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे ते अध्यक्ष होते. गिरनारच्या अशोकलेखाची नक्कल त्यांनीं करून घेतली व ती प्रिन्सेपच्या उपयोगी पडली. लेणींविषयक त्यांचा निबंध आजही आमच्या कामाचा आहे. असें असतां पुराणांतील भूगोल खोटा, म्हणून पुराणें खोटीं, म्हणून धर्म खोटा, अशी जी तर्कपरंपरा मिशनरी पक्ष वापरी, ती किती चिरेबंद होती?

तिची परीक्षा मराठींतच झाली. भोपाळ दरबारचे पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन सीहोर येथें संस्कृत पाठशाळा चालवीत. सिद्धांतग्रंथांचा शिडीप्रमाणें उपयोग करून विद्यार्थ्यांस कोपर्निकसपर्यंत न्यावें, हें मत त्यांनीं १८३४ सालीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या पत्रांत मांडलें. पुढें काशीस कीर्ति पावलेले बापूदेवशास्त्री याच विल्किन्सनांस नागपुरास सांपडले व सीहोरास शिकले. या मंडळींतील सुबाजी बापू यांनीं १८३६ सालीं मराठींत सिद्धांतशिरोमणिप्रकाश हा ग्रंथ लिहिला. त्यांत पुराणमत, सिद्धांतमत व कोपर्निकसमत या तिहींची तुलना असून भूगोलाच्या बाबतींत पुराणांचा पक्ष सोडून दिला आहे व युरोपीय ज्योतिषाचा आदर केला आहे. आदल्याच वर्षीं, १८३५ त, रोमच्या निषिद्ध ग्रंथांच्या नव्या यादींतून कोपर्निकसचें नांव प्रथम गळलें होतें. विल्सनप्रभृति प्रॉटेस्टंट मंडळींस ती यादी बंधनकारक नव्हती हें खरें; तथापि ज्या मताशीं समेट करण्यास युरोपांतील सर्वांत जुन्या धर्मपीठास दोन शतकांहून अधिक काळ लागला, त्याचा स्वीकार एका ज्योतिष्यानें मराठी ग्रंथांत सहज केला, ही गोष्ट नोंदण्याजोगी आहे.

आतां मिशनरी तर्काप्रमाणें सुबाजी बापूंचें पुढचें पाऊल ख्रिस्ती धर्माकडे पडावयास हवें होतें. घडलें उलटें. १८३९ सालीं जॉन म्यूर यांनीं संस्कृत श्लोकबद्ध मतपरीक्षा प्रसिद्ध करून हिंदुधर्माची परीक्षा केली. त्यास त्याच वर्षीं सोमनाथ या नांवानें मतपरीक्षाशिक्षा हें उत्तर निघालें. हे सोमनाथ म्हणजेच सुबाजी बापू, असें रिचर्ड फॉक्स यंग यांनीं १९८१ सालीं दाखविलें आहे. उत्तराचें सार असें कीं, धर्मभेद हा अधिकारभेद आहे; ज्यास जो ईश्वरानें दिला त्यानें तो पाळावा; दुसऱ्याच्या धर्माची निंदा करणें हाच दोष. ज्योतिषांत कोपर्निकस, धर्मांत स्वधर्म, आणि दोहोंत विरोध नाहीं. मुंबईंत बाळशास्त्री जांभेकरांचें उदाहरण याच जातीचें आहे. कुलाब्याच्या वेधशाळेशीं संबंध असलेले, गणित शिकविणारे, ताम्रपट वाचणारे बाळशास्त्री १८४३ च्या श्रीपत शेषाद्रि प्रकरणांत मुलास परत स्वधर्मांत घेण्याच्या बाजूनें उभे राहिले.

यावरून पहिल्या रूढ मताची मर्यादा कळते. नवें शास्त्र स्वीकारणें आणि तें आणणाऱ्याचा धर्म स्वीकारणें या दोन गोष्टी तत्कालीन विद्वानांनीं वेगळ्या ठेविल्या होत्या.

(५) त्याच तलवारीची दुसरी धार

मिशनऱ्यांच्या स्वतःच्या घरीं त्या वेळीं काय चाललें होतें, तें पाहिल्यावांचून हें परीक्षण एकांगी होईल. बायबलच्या उत्पत्तिप्रकरणांत सृष्टि सहा दिवसांत झाली, प्रकाश पहिल्या दिवशीं व सूर्यचंद्र चौथ्या दिवशीं झाले असें सांगितलें आहे. वंशावळींची बेरीज करून आयरिश आर्चबिशप अशर यानें सृष्टीचा आरंभ ख्रिस्तपूर्व ४००४ हा ठरविला होता. लायेलचा भूगर्भशास्त्रावरील ग्रंथ १८३० ते १८३३ या काळांत निघाला, म्हणजे नेमका मोरभट्ट-विल्सन वादाच्या समकालीं. खडकांचे थर साचण्यास जो काळ लागतो तो सहा हजार वर्षांत कसाही बसत नाहीं, हें तेव्हांपासून सुशिक्षित ख्रिस्ती माणसास टाळतां येईना.

स्कॉटिश पाद्री थॉमस चामर्स यांनीं त्यापूर्वींच एक तोड काढिली होती: उत्पत्तीच्या पहिल्या वचनानंतर अपरिमित काळ गेला असावा व सहा दिवसांची कथा त्यानंतरची असावी. ह्यू मिलर यांनीं, मरणोत्तर १८५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत, दिवस याचा अर्थ युग असा घेतला. चामर्स हे १८४३ सालीं निघालेल्या स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे धुरीण, मिलर हे त्याच्या बाजूच्या वृत्तपत्राचे संपादक, आणि विल्सन व नागपूरचे हिस्लॉप हे त्याच फ्री चर्चचे मिशनरी.

दिवस म्हणजे युग, हा अर्थ आणि राहु छायेंत शिरतो, हा अर्थ, या दोहोंत तर्कदृष्ट्या भेद कोणता? आम्हांस कोणताही दिसत नाहीं. दोन्हींत शास्त्राचा निर्णय पूर्ण मान्य केला आहे. दोन्हींत वचन टाकलें नाहीं. दोन्हींत शब्दाचा अर्थ ताणला आहे. अविरोधाची ही कला दोन्ही पक्षांस येत होती. वादांतील दोष हा कीं, प्रत्येक पक्ष ती स्वतःच्या ग्रंथापुरती योग्य मानी व प्रतिपक्षास तिचा अधिकार नाकारी. पौराणिक वचनाचा अक्षरशः अर्थ घेऊन त्याचा उपहास करणारा मिशनरी उत्पत्तीचा अक्षरशः अर्थ घेण्यास बांधलेला नव्हता. आणि बायबलांतील चौथ्या दिवसाच्या सूर्यास हंसणारा शास्त्री लवणसमुद्र व क्षीरसमुद्र यांचा हिशेब देण्यास तयार नव्हता.

यांत आणखी एक मौज आहे. ज्योतिषानें पुराणांचें अवकाशमान चुकीचें ठरविलें. भूगर्भशास्त्रानें बायबलच्या वंशावळींवरून काढलेलें कालमान चुकीचें ठरविलें. काळ अफाट आहे हें ऐकून कल्प मानणारा शास्त्री दचकत नव्हता, आणि पृथ्वी गोल व चल आहे हें ऐकून एकोणिसाव्या शतकांतील पाद्री दचकत नव्हता. म्हणून ज्यास जें शास्त्र सोयीचें तें त्यानें वादांत पुढें केलें.

येथें एका मोहापासून सावध राहिलें पाहिजे. कल्पाचीं ४३२ कोटि वर्षें आणि आजच्या शास्त्रानें ठरविलेलें पृथ्वीचें सुमारें ४५४ कोटि वर्षांचें वय यांचें साम्य दाखवून आमच्या पूर्वजांस हें आधींच ठाऊक होतें, असें लिहिणारे पुष्कळ आहेत. कल्पाचा आंकडा युगमानाच्या गुणाकारानें आलेला आहे. पृथ्वीच्या वयाचा आंकडा किरणोत्सर्गी द्रव्यांच्या क्षयाच्या मापनानें आलेला आहे. ज्या दोन आंकड्यांच्या रीति भिन्न, त्यांचें साम्य हें प्रमाण नव्हे. ताम्रपटावरील तिथीचा वार जुळला एवढ्यावरून जो पट खरा मानीत नाहीं, त्या संशोधकानें येथेंही तोच कठोरपणा ठेवावा.

(६) क्रम व कारण

या वादांचे कागद वाचतांना दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले आढळतात. सृष्टि कोणत्या क्रमानें व किती काळांत झाली, हा एक. ती कोणापासून व कशासाठीं झाली, हा दुसरा. पहिल्यास क्रमप्रश्न व दुसऱ्यास कारणप्रश्न म्हणूं. क्रमप्रश्नाचा निकाल थर, जीवाश्म व वेध यांनीं लागतो. कारणप्रश्नाचा निकाल त्यांनीं लागत नाहीं. तो दर्शनांचा प्रांत आहे.

शास्त्रीपक्षाचा जोर खरा कारणप्रश्नावर होता, आणि त्याचें उत्तम उदाहरण म्हणजे नीळकंठशास्त्री गोरे. हे चित्पावन घराण्यांतील, काशीस वाढलेले. १८४४ च्या सुमारास त्यांनीं म्यूर यांस उत्तर म्हणून शास्त्रतत्त्वविनिर्णय हा संस्कृत ग्रंथ लिहिला. पूर्वजन्म न मानतां ईश्वरानें जीव नवे उत्पन्न केले असें म्हटल्यास, कोणी जन्मतः सुखी व कोणी जन्मतः दुःखी या वैषम्याचा दोष ईश्वरावर येतो, हा त्यांतील एक मुख्य आक्षेप. हा आक्षेप भूगर्भशास्त्राचें एकही पान न उलटतां घेतां येतो व तितक्याच निरपेक्षपणें त्याचें उत्तर द्यावें लागतें.

१८४८ सालीं नीळकंठशास्त्री स्वतः ख्रिस्ती झाले. त्यानंतर १८६० सालीं त्यांनीं हिंदींत षड्दर्शनदर्पण लिहून नैयायिकांच्या नित्य परमाणूंचें खंडन केलें, आणि उपादानावांचून ईश्वर सृष्टि करूं शकतो हें समर्थन केलें. एकाच बुद्धिमान पुरुषानें एकाच कारणप्रश्नावर दोन्ही बाजूंनीं ग्रंथ लिहिले, आणि दोन्ही वेळां भांडण तर्कशास्त्राचें होतें. दुर्बिणीचा व हातोडीचा त्यांत संबंध नव्हता. हे दोन्ही ग्रंथ शेजारीं ठेवून अभ्यासिले जाणें अगत्याचें आहे. धर्मांतराच्या निंदास्तुतींत ते आजवर झांकून गेले.

१८५७ च्या जानेवारीपासून मे अखेरपर्यंत गिरगांवच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी व मिशनरी यांचे जे वाद झाले, त्यांचे दोन वृत्तांत आहेत: जॉर्ज बोवेन यांचा त्याच सालचा इंग्रजी, व १८७२ सालीं निघालेला मराठी. विष्णुबावा माणगांवाजवळील शिरवलीचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यांतले. एकाच सभेचे परस्परविरोधी पक्षांनीं ठेविलेले दोन वृत्तांत मिळणें ही इतिहाससाधनांत दुर्मिळ गोष्ट आहे. त्यांची ओळीस ओळ लावून तुलना करतांना क्रमप्रश्न कोठें संपतो व कारणप्रश्न कोठें सुरू होतो, ही खूण हातीं धरली तर पुष्कळ गोंधळ निस्तरेल.

(७) स्टीफन हिस्लॉप

वादाच्या या कोलाहलांतून बाहेर पडून नागपुरास जावें, तर तेथें दुसरेंच दृश्य दिसतें. स्टीफन हिस्लॉप (१८१७–१८६३) फ्री चर्चचे मिशनरी म्हणून १८४५ सालीं नागपुरास आले. मराठी शिकले, शाळा काढिली, उपदेश केला. १८५१ सालीं ते व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांस शहराजवळ टाकळी येथें काळ्या दगडाच्या दोन थरांमधील गाळांत गोड्या पाण्यांतील शिंपल्यांचे जीवाश्म सांपडले. तेथून पुढें हिस्लॉप यांनीं बारा वर्षें विदर्भाचे खडक धुंडाळले. मांगली येथील एका उभयचर प्राण्याच्या कवटीचें वर्णन रिचर्ड ओवेन यांनीं १८५५ सालीं केलें. नागपूरच्या वनस्पतिजीवाश्मांचें वर्णन बनबरी यांनीं १८६१ सालीं केलें. पिसदुऱ्याच्या प्रचंड सरपटणाऱ्या प्राण्यांचीं हाडें हिस्लॉप यांनींच जमविलीं. हिस्लॉपाइट या खनिजास व हिस्लोपिया या गोड्या पाण्यांतील सूक्ष्म प्राण्यास त्यांचें नांव मिळालें.

लंडनच्या भूगर्भशास्त्रीय सभेच्या पत्रांत आलेले त्यांचे निबंध पाहिले म्हणजे त्यांची शिस्त कळते. तेथें थर, जाडी, जीवाश्म व त्यांची तुलना एवढीच भाषा आहे. उत्पत्तीच्या वचनाशीं मेळ घालण्याचा खटाटोप नाहीं. शाळेंत व बाजारांत तेच गृहस्थ त्याच वचनाचा उपदेश करीत. चरित्रकार जॉर्ज स्मिथ यांनीं १८८८ च्या चरित्राच्या शीर्षकांतच मिशनरी व निसर्गाभ्यासक हे दोन शब्द शेजारीं ठेविले आहेत. मात्र ते चरित्र मिशनच्या वाचकांसाठीं लिहिलेलें असल्यामुळें त्यांत शास्त्र हें धर्मकार्याचें भूषण म्हणून येतें. आमच्या मतें हें मापन उणें आहे. हिस्लॉप यांचें शास्त्र भूषण नव्हतें. तें स्वतंत्र कर्तव्य होतें. उलट बाजूनें, त्यांस केवळ भूगर्भशास्त्रज्ञ ठरवून मिशनरीपण झांकणेंही खोटें. शाळांचा हेतु धर्मप्रसार हाच होता व तो त्यांनीं कधीं लपविला नाहीं.

त्यांच्या मृत्यूची हकीकत संशोधकांस विशेष जवळची आहे. नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथें दगडांचीं वर्तुळें आहेत. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं हिस्लॉप तेथील शाळा व तीं वर्तुळें पाहून परत येत असतां पुरानें भरलेल्या ओढ्यांत बुडून मरण पावले. वय सेहेचाळीसही पुरें झालें नव्हतें. याच टापूंतील लोहयुगीन अवशेष पुढें १९६८–६९ सालीं नागपूर विद्यापीठाच्या वतीनें शां. भा. देव यांनीं उत्खनन करून प्रकाशांत आणिले.

हिस्लॉप यांच्या पश्चात् जीं हस्तलिखितें राहिलीं तीं सर रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं संपादून प्रसिद्ध केलीं. त्यांत गोंडांचें लिंगोगीत आहे. या गीताचा आरंभच जगाच्या व गोंडांच्या उत्पत्तीनें होतो. म्हणजे या एका माणसाच्या मेजावर सृष्टीच्या तीन हकीकती एकत्र होत्या: ज्यावर त्याची श्रद्धा होती ती बायबलची, ज्याचें त्यानें निरीक्षण केलें ती खडकांची, आणि जी त्यानें परधान गायकांच्या परंपरेंतून उतरवून घेतली ती गोंडांची. पुराणांच्या सृष्टिकथेचें खंडन करण्यांत ज्या संप्रदायाचीं पुस्तकें खर्चीं पडलीं, त्याच संप्रदायाच्या या मिशनऱ्यानें गोंडांची सृष्टिकथा शब्दाखालीं शब्द ठेवून जपली. तेथें तो संग्राहक झाला. ती जपली नसती तर त्या गीताचा तो पाठ आज नसता. श्रद्धा, निरीक्षण व संग्रह हीं तीन कामें एकमेकांत न कालवतां एकाच माणसास करतां येतात, हें या कागदांवरून सिद्ध होतें. आणि दुसऱ्या रूढ मतास यापेक्षां सबळ उत्तर आम्हांस माहीत नाहीं.

(८) उपसंहार व विनंति

निष्कर्ष थोडक्यांत असे. पहिला: या प्रांतांत शास्त्र व धर्म यांचा विरोध ख्रिस्ती लोकांनीं प्रथम आणिला नाहीं, पुराण व सिद्धांत यांचा विरोध जुनाच होता आणि त्याच्या अविरोधाची रीतही जुनीच होती. दुसरा: वादी व प्रतिवादी या दोघांसही आपापल्या ग्रंथांविषयीं तीच रीत वापरावी लागली, म्हणून एकास शास्त्रनिष्ठ व दुसऱ्यास अंध म्हणणें साधनांस धरून नाहीं. तिसरा: शास्त्रानें क्रमप्रश्न सोडविला, कारणप्रश्न जेथें होता तेथेंच राहिला, आणि जे हा भेद जाणत होते त्यांचें लेखन टिकाऊ ठरलें.

ज्या खडकानें हिस्लॉप यांस काळाचें परिमाण शिकविलें, तोच काळा पाषाण गव्हाणपासून खाडीपलीकडील घारापुरीपर्यंत पसरलेला आहे. घारापुरीचें लेणें त्यांतच कोरलें आहे, आणि बंदराच्या पलीकडे वरळीच्या टेकडींत त्याच्या दोन थरांमधून निघालेल्या इवल्याशा बेडकांचें वर्णन ओवेन यांनीं १८४७ सालीं केलें. या पाषाणाचें वय आज सुमारें सहा ते साडेसहा कोटि वर्षें धरलें जातें. १९७० नंतर नव्या मुंबईची उभारणी सुरू झाल्यापासून या टापूंत टेकड्या फुटत आहेत. उलव्याची टेकडी विमानतळासाठीं कापली गेली. खडक फुटला तरी त्याचा थर दुसरीकडे वाचतां येतो. जुनें घर पाडतांना माळ्यावरची पोथी गेली, तर तिचा पाठ दुसरीकडे मिळेलच असें नाहीं.

म्हणून पनवेल, उरण, अलिबाग व मुरूड या भागांतील, तसेंच अन्यत्रच्या संग्राहकांस विनंति आहे. सिद्धांतशिरोमणिप्रकाशाची छापील अथवा हस्तलिखित प्रत, १८४२ पासूनच्या ज्ञानोदयाचे आरंभींचे अंक, मिशनच्या शाळांतील भूगोल-खगोलाचीं मराठी पुस्तकें, आणि जोशीघराण्यांतील ग्रहलाघवाच्या पोथ्या, विशेषतः ज्यांच्या समासांत पुराणमत व सिद्धांतमत यांविषयीं टिपणें असतील अशा, कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांची नोंद मंडळाकडे पाठवावी. पुस्तकावर क्रूस छापला आहे म्हणून तें टाकूं नये, आणि पोथींत मेरुपर्वत आहे म्हणून ती टाकूं नये. दोहोंच्या समासांतील टिपणांत या वादाचा खरा इतिहास अजून वाचावयाचा राहिला आहे.

गव्हाण, ता. पनवेल